मामांचा पांढरा धोंडा

पांढराफेक रंगवलेला दगड कॅमेऱ्याला धड दिसत नाही, हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी कीव करत बसायला नको. मला माहीत होतं आणि तरीही मी बटण दाबलं.

मी डोंगरातले ओढे मोजतो. म्हणजे ड्रोन उडवतो, काठीला कॅमेरा बांधून पात्रातून वाकून चालतो, एकाच दगडाचे दहा बाजूंनी दहा फोटो काढतो आणि मग ऑफिसात बसून त्या हजारो फोटोंमधून कॉम्प्युटरवर अख्खा ओढा उभा करतो. त्यात प्रत्येक गोटा येतो, प्रत्येक खाच येते. बोटाच्या पेराएवढा उंचसखलपणासुद्धा सुटत नाही. पाहुण्यांत कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर आई सांगते, "दगडाचं फोटू काढतो." ऐकणारे हसतात. आई हसत नाही, पण तिलाही हा धंदा फारसा पटलेला नाही.

त्याआधी सहा वर्षं मी कारेगावात एका खोलीत चौघांबरोबर राहून कंपनीत कामाला होतो. क्वालिटीला. तिथंही कॅमेराच. मशीनमधून आलेला पार्ट कॅमेऱ्याखाली धरायचा आणि कुठं खरखरीत राहिलाय का ते बघायचं. खरखरीत दिसला की रिजेक्ट, लाल डब्यात. खराब पार्ट चुकून पुढं गेला तर सुपरवायझर सगळ्या लाईनसमोर तो पार्ट माझ्या नाकाला टेकवून ओरडायचा, "ये क्या है? आँख घर पे रख के आया क्या?" एका पोरानं एकदा भोळेपणानं कबूल केलं, माझ्याकडून झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड गेटवर चाललंच नाही. तेव्हापासून माझ्या पोटात बसलं की चुकलं तरी तोंड उघडायचं नाही. ही सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणून चालली असती तर बरं झालं असतं.

आमचं गाव खुटबाव. कॅनॉल आहे, ऊस आहे, पाण्याची ददात नाही. आईचं माहेर मात्र तालुक्याच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत. तिथं कॅनॉल चढत नाही. मामांच्या वडलांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं हिंडण्यात गेलं. मामांनी ते सोडलं, घर बांधलं, बाजरी आन् हुलगा करायला लागले, पण बारा-पंधरा मेंढरं ठेवलीच. मामी म्हणायची, "ह्यांना माणसापरीस मेंढरांची भाषा जास्ती कळती." मामा म्हणायचे, "ती उलटून बोलत न्हाईत, म्हणून."

वाडीच्या कडेनं ओढा उतरतो. पावसाळ्याचे दोन महिने खळाळतो आणि मग बंद पडतो, पण वरून बंद. पात्रात बैलाएवढे धोंडे, धोंड्यांमध्ये गोटे, गोट्यांमध्ये वाळू. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या धोंड्याच्या बुडाला मामांचा झिरा होता. झिरा म्हणजे काय, तर वाळू उकरून केलेला घमेल्याएवढा खड्डा. त्यात खालून पाणी पाझरायचं. मामी तिथं उकिडवी बसून वाटीनं पाणी हंड्यात भरायची. सगळीकडं कोरडंठाक पडायचं तेव्हाही सकाळी चार हंडे निघायचे. घराला दोन, मेंढरांना दोन. लहानपणी सुट्टीत मी ते पाणी पोटभर प्यायलोय. दगडाचा वास यायचा त्याला.

तर या ओढ्याचं खोलीकरण मंजूर व्हायच्या बेतात होतं. पोकलेन लावून सगळे दगड काढायचे, पात्र सरळ करायचं, म्हणजे डोंगराचं पाणी सरसर खाली येऊन बंधाऱ्यात साठेल. बंधारा कुणाच्या बांधाला? ज्यांच्या विहिरी आधीच भरलेल्या होत्या त्यांच्या. मामांनी गावच्या सभेत उभं राहून विचारलं, "आन् आमच्या झिऱ्याचं काय?" कुणीतरी मागून म्हणालं, "आबा, वाटीनं पाणी भरायचा जमाना गेला." सगळे हसले. मामा खाली बसले.

पण ज्या कचेरीकडून काम निघालं होतं, तिनं एका कॉलेजातल्या मॅडमचा सल्ला मागवला होता आणि मोजणीचं काम आमच्या ऑफिसकडं आलं होतं. मामांचं नशीब उघडलं असं मला तेव्हा वाटलं. मॅडमना घेऊन मीच वाडीवर गेलो. साठीच्या बाई, पायांत साधे कॅनव्हासचे बूट, एकेका धोंड्याला हात लावत वरपर्यंत चढल्या. झिऱ्यापाशी खाली बसून ओंजळीनं पाणी प्यायल्या. मग मामांना म्हणाल्या, "या दगडांमुळंच हे पाणी आहे. ते पाण्याला पळू देत नाहीत, अडवतात, फिरवतात. म्हणून ते खाली मुरतं आणि इथं वर येतं."

मामा म्हणाले, "मॅडम, ह्ये आमाला ठावं हाय. पर आमचं कोण ऐकतंय?"

"माझंही नुसतं तोंडी ऐकणार नाहीत. हा ओढा किती खडबडीत आहे ते मोजून दाखवायला पाहिजे. आकडे आले तर वाडीपासून वरचा अर्धा किलोमीटर सोडा असं मी लेखी देते."

"म्हंजी ह्यो धोंडा ऱ्हातो?"

"राहतो."

मामांनी धोंड्याच्या पाठीवर थाप मारली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मोजणारा आमचा भाच्या हाय. मग काय काळजी न्हाई."

आठवड्यानं मी फोन केला. "मामा, मंगळवारी येतोय. कॅमेरा उडवायचाय. ओढ्यात मेंढरं सोडू नका." एवढंच बोललो. दगडांना हात लावू नका, हे सांगायचं मला सुचलं नाही. दगडांना कोण कशाला हात लावेल?

मंगळवारी सकाळी गाडी शेवटच्या वळणावर आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अख्खा ओढा झाडून काढला होता. गोटे वेचून काठाला बांध घातल्यासारखे एका रेघेत रचले होते. पाचोळा गोळा करून जाळला होता. आणि मोठे धोंडे, सगळेच्या सगळे, चुन्यानं पांढरे केले होते, खाली गेरूची चार बोटं रुंद पट्टी. कुणी मोठा साहेब यायचा असला की रस्त्याकडेची झाडं आणि दगड रंगवतात ना, अगदी तसे. सगळ्यांत झकास मामांचा धोंडा. त्याला दोन हात दिले होते. उन्हात बघवत नव्हतं त्याच्याकडं.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून, फेटा बांधून उभे होते. बोटांच्या पेरांत चुना. वाडीतल्या पाच-सहा बायका खराटे घेऊन बाजूला. "कसं काय?" मामा म्हणाले. "तीन दिस लागलं. म्हातारीकोतारी सगळी राबली."

याच्यामागं एक गोष्ट होती. काही वर्षांपूर्वी स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी बाहेरची समिती आली होती. त्यांनी वाडीतल्या उकिरड्याचा फोटो काढला आणि तो पंचायतीच्या फळ्यावर महिनाभर चिकटवून ठेवला होता. खाली वाडीचं नाव. बाजारला गेलं की लोक नाक धरून दाखवायचे. तेव्हापासून वाडीत कॅमेरा येणार म्हटलं की खराटे निघायचे. मामांचं म्हणणं सरळ होतं. खोलीकरणवाले म्हणतात ओढा घाण आहे, दगडधोंड्यांनी भरलाय. मग आपण दाखवू की आम्ही त्याला देवळासारखा ठेवतो. एवढा चांगला ठेवलेला ओढा कोण तोडेल?

आता माझं काय झालं ते ऐका. कॅमेरा दगड ओळखतो तो त्याच्यावरच्या डागांवरून, चिरांवरून, शेवाळाच्या ठिपक्यांवरून. या फोटोतला डाग त्या फोटोत सापडला की कॉम्प्युटर म्हणतो, हा तोच. सगळंच पांढरं असेल तर त्याला धरायला काहीच मिळत नाही. तिथं मॉडेलमध्ये भोक पडतं. उपाय होता. पात्रातली माती पाण्यात कालवून प्रत्येक धोंड्यावर चिखलाचे फटकारे मारायचे. रचलेले गोटे परत जागेवर बसणं शक्य नव्हतं, पण निदान मोठे धोंडे तरी आले असते. अर्ध्या दिवसाचं काम.

आणि मी मामांकडं बघितलं. तीन दिवस राबून रंगवलेल्या धोंड्यावर त्यांच्यादेखत चिखल फासायचा? जीभच उचलेना. शिवाय दुपारी शिरूरच्या बाजूला दुसरं काम होतं, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. मी म्हटलं, "एक नंबर झालंय, मामा."

मामा लाजले. खरंच लाजले, या वयात.

मी ड्रोन उडवला. बायकांनी डोक्यावरचे पदर सावरले. काठीचा कॅमेरा घेऊन मी पात्रातून चाललो आणि मामा माझ्या बरोबरीनं, सावली पडू नये म्हणून लांब राहून, पण डोळा सगळा माझ्यावर. शेवटी म्हणाले, "मला बी घे की एका फोटूत." मग ते धोंड्याला टेकून उभे राहिले आणि मी मोबाईलवर एक फोटो काढला. मामीनं शेंगोळी खाऊ घातली. निघताना झिऱ्याचं पाणी बाटलीत भरून दिलं.

ऑफिसात तीन दिवसांनी मॉडेल तयार झालं आणि व्हायचं तेच झालं होतं. पात्र परातीसारखं गुळगुळीत आणि जिथं जिथं मोठे धोंडे तिथं काळी भोकं. मामांच्या धोंड्याच्या जागी सगळ्यांत मोठं भोक. मी साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "भोकं कसली ठेवतोस? बुजव. उद्या द्यायचंय, सलग दिसलं पाहिजे." मी म्हणू शकलो असतो, साहेब, त्या भोकांतच सगळा ओढा आहे. मी म्हटलं, "हो सर." भोकं बुजवायला एक बटण असतं. ते काय करतं, तर भोकाच्या कडा धरून वर चादर ताणल्यासारखा पृष्ठभाग ओढून घेतं. खाली काय होतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दाबलं. बैलाएवढा धोंडा गेला आणि तिथं उशीएवढा उंचवटा उरला.

त्या क्षणी मी काय विचार करत होतो? चहाची वेळ झालीय, हा विचार करत होतो. खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. देवानं माझ्यासमोर दार उघडून ठेवलं होतं आणि मी ते माझ्या हातानं लावून घेतलं. त्या म्हणाल्या, "अहो, वरचा भाग इतका सपाट कसा? मला तर तिथं मोठे दगड आठवतायत. तो मामांचा दगड, झिऱ्याचा, तो मला मॉडेलमध्ये सापडत नाही."

साहेब समोरच्याच टेबलावर बसले होते. कारेगावचा तो सुपरवायझरसुद्धा मला त्यांच्या बाजूला बसलेला दिसत होता. माझ्या मोबाईलमध्ये मामांचा धोंड्याला टेकलेला फोटो होता. पाठवायला एक बोट पुरलं असतं.

मी म्हणालो, "मॅडम, डोळ्यांना उन्हात मोठं वाटतं. कॅमेरा आपल्या डोळ्यांपेक्षा बरोबर असतो."

त्या म्हणाल्या, "असेल बाबा. माझंही आता वय झालं." प्रामाणिक बाई. स्वतःच्या ओंजळीवर विश्वास ठेवला असता तर ओढा वाचला असता, पण त्यांनी माझ्या मोजणीवर ठेवला. त्यांनी लिहून दिलं की वरचा भाग वेगळा ठेवण्यासारखं मोजणीत काही आढळलं नाही.

वैशाखात पोकलेन आलं. मी गेलो नाही. आईनं सांगितलं की मामा धोंड्यापाशी जाऊन उभे राहिले होते, ऑपरेटर परप्रांतातला पोरगा, तो "चाचा, हट जाओ, चाचा" म्हणत विनवत होता आणि शेवटी मामीनंच हाताला धरून त्यांना घरी नेलं. धोंडा एका झटक्यात निघाला नाही म्हणे. अर्धा तास लागला. त्या पावसाळ्यात डोंगराचं पाणी वाडीवरून गेलं ते थांबलंच नाही. बंधारा भरला, हार-तुरे झाले, फोटो निघाले. मामांनी पुढं चार ठिकाणी वाळू उकरून बघितली. खाली नुसता खडक. मामी आता बंधाऱ्यावरून पाणी आणते, जायला-यायला तास जातो आणि तिचे गुडघे गेलेत. मेंढरं विकली. शेवटचं विकलं त्या दिवशी मामा जेवले नाहीत, हेही मला आईनंच सांगितलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. नुसता भित्रेपणा माणूस पचवतो. मी बऱ्यापैकी पचवत आणला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मामा खुटबावला आमच्या घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, "भाच्या, वढा तर गेला. पर तुझ्या कॉम्प्युटरात तसाच हाय न्हवं? दाव की एकदा."

मी टाळलं. लॅपटॉप चार्ज नाही म्हटलं. आई आतून म्हणाली, "सकाळीच लावला व्हतास की." झालं. पडवीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो. मामा उजवीकडं, आई पाठीमागून वाकून. मॉडेल उघडलं. मामांनी लगेच ओळखलं. "ह्ये वळण. ह्यो करंज. ह्ये आपलं घर, वरून असं दिसतं व्हय!" हरखून गेले. वाळूच्या पट्ट्यावरून बोट फिरवत फिरवत वर आले. आणि थांबले.

"हितं धोंडा पायजे," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. पडद्यावर त्या उशीएवढ्या उंचवट्यावर बोट टेकवलं. "हितंच पायजे. कुठं गेला रं?"

मी खरं सांगू शकलो असतो. मामा, भोक पडलं होतं, ते मी बुजवलं. मॅडमनी विचारलं होतं, मी खोटं बोललो. तुमचा फोटो माझ्या खिशात होता. तीन वाक्यं.

मी म्हणालो, "मामा, त्याला चुना होता ना. पांढरं असलं की कॅमेऱ्याला दिसत नाही."

मामांचं बोट तिथंच राहिलं. "म्हंजी," ते हळू म्हणाले, "म्या रंगवला म्हणून?"

"व्हय," मी म्हणालो.

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त राग येतो. साफ खोटं बोललो असतो तर कधीतरी उघडं पडलं असतं. हे खरंच होतं, अर्धं, आणि अर्धं खरं कुणी खोडून काढत नाही.

मामांनी बोट काढून घेतलं आणि शर्टाला पुसलं. "मला कुठं ठावं व्हतं," म्हणाले. आई म्हणाली, "जाऊ दे दादा, मशीनचं कुणाला कळतंय." मामा मान हलवत राहिले. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुझा काय बी दोष न्हाई हां. मनाला लावून घिऊ नगंस." माझी समजूत घालत होते ते! मी मान खाली घालून उभा, शहाण्या भाच्यासारखा.

त्यानंतर ते वाडीत सगळ्यांना सांगत सुटले. पोरानं मोजणी बरूबर केली व्हती, मीच येड्यावानी धोंडं रंगवलं. ज्या बायका त्या तीन दिवसांत खराटे घेऊन राबल्या, त्यांना भेटले की म्हणतात, तुमाला म्या कामाला लावलं, माझंच चुकलं. लोक आता त्यांना हसतसुद्धा नाहीत. मामीनं एकदा मला फोनवर विचारलं, "खरंच का रं चुन्यानं झालं? तू सांग की त्यांना, येवढं काय नसतं म्हणून. तुझं ऐकतील." मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. ऑफिसात माझी बढती झाली, आता मी नवीन पोरांना मॉडेल कसं करायचं ते शिकवतो. भोकं बुजवायचं बटण दाखवतो. हे जपून वापरा, असंही म्हणतो.

गेल्या दिवाळीच्या आधी आईचा फोन आला. ती माहेरी जाऊन आली होती.

"दादानं औंदा घराला हात दिला न्हाई," आई म्हणाली. "भिंती सगळ्या काळ्या. वहिनीनं चुना भिजत घातला व्हता, तर ह्यानं डबा उचलून उकिरड्यावर वतला. म्हणतो, माझ्या हातात पांढरं दिऊ नका. दसरा न्हाई, दिवाळी न्हाई. असं कधी झालं न्हवतं रं. काय झालंय त्याला?"

मोबाईल कानाला होता. त्याच मोबाईलमध्ये, खाली कुठंतरी, मामा फेटा बांधून धोंड्याला टेकून उभे होते.

"वय झालं, आई," मी म्हणालो आणि फोन ठेवला.